‘नो स्विमिंग’ कसं वाचायचं: नॉर्मन रॉकवेलच्या एका खोडकर चित्राची फोड

एक पाटी आहे, तिच्यावर ‘नो स्विमिंग’ लिहिलंय आणि तिच्यासमोरून तीन पोरं नि एक कुत्रं धूम पळत सुटलंय. पोरांचे केस ओले, कपडे निम्मे अंगावर आणि निम्मे हातात. अमेरिकी चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं हे चित्र ४ जून १९२१ च्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ (पुढे नुसतं ‘पोस्ट’) या अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर छापून आलं. बघणारा हसतो, “आमच्या लहानपणी…” म्हणतो आणि पुढे जातो.

चित्रकलेच्या अभ्यासक्रमात, रसग्रहणाच्या स्पर्धेत किंवा वाचनकट्ट्यावर असं चित्र समोर आलं की मोठी पंचाईत होते. पिकासोवर पानभर लिहिता येतं, कारण तिथे काहीतरी उलगडायचं आहे. इथे सगळं पहिल्याच नजरेत कळलेलं असतं. मग लिहायचं काय? बहुतेक जण ‘निरागस बालपण’, ‘हरवलेले दिवस’ असं लिहून मोकळे होतात. ते खोटं नाही. पण त्यासाठी चित्र बघायची गरज नव्हती, पाटीवरचे दोन शब्द पुरले असते.

स्मरणरंजनाची चित्रं वाचताना माझी एक धारणा आहे: अशा चित्रात जे दाखवलंय त्यापेक्षा जे गाळलंय त्यात चित्रकाराचं काम जास्त दिसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या धारणेवर उभ्या आहेत. ती पटली नाही तरी पायऱ्या वापरून बघायला हरकत नाही.

आधी नीट प्रत मिळवा

हे चित्र कॉफीचे मग, टी-शर्ट, कॅलेंडर, पत्र्याच्या शोभेच्या पाट्या अशा शंभर वस्तूंवर छापलं गेलंय आणि प्रत्येकाने ते आपापल्या सोयीने कापलंय. चौकट कुठे पडते यावर इथे फार काही अवलंबून असल्यामुळे कापलेली प्रत चालणार नाही. दोन प्रती शेजारी शेजारी ठेवा: एक मूळ तैलचित्राची आणि एक छापील मुखपृष्ठाची, साप्ताहिकाच्या नावासकट. तैलचित्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टॉकब्रिज गावी, नॉर्मन रॉकवेल म्युझियममध्ये आहे. आकाराने ते लहानच आहे, साधारण २५ इंच उंच आणि २२ इंच रुंद. मोबाइलवर बघू नका. निदान लॅपटॉपचा पडदा तरी हवा.

पहिली दहा मिनिटं विशेषणांना बंदी

कागद घ्या आणि जे दिसतं तेवढंच लिहा. ‘खोडकर मुलं’ लिहायचं नाही, ‘तीन मुलं’ लिहायचं. ‘घाबरलेला’ लिहायचं नाही. मधल्या मुलाचं तोंड कसं आहे, डोळे कसे आहेत, हात कुठे आहेत ते लिहायचं. कुणाच्या अंगावर कुठला कपडा आहे आणि कुठला हातात आहे, त्याची नोंद करा. कुत्र्याला विसरू नका; तोही पूर्ण पात्र आहे आणि तितकाच गुन्हेगार.

हे काम कंटाळवाणं आहे. पण ते केल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते: चित्रातला सगळा विनोद कपड्यांवर तोललेला आहे. पोरं पूर्ण कपड्यांत पळत असती तर आपल्याला चोरी किंवा मारामारी सुचली असती. पूर्ण उघडी असती, तर १९२१ साली घरोघरी जाणाऱ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती आलीच नसती. त्या काळी अमेरिकेत ओढ्या-तळ्यांवर मुलांनी कपडे काढून पोहणं ही सर्रास रीत होती. थॉमस एकिन्स या अमेरिकी चित्रकाराने १८८५ साली तळ्यावर पोहणारे नागवे पुरुष आणि मुलगे रंगवले, तर ज्याने चित्र काढायला सांगितलं होतं त्यानेच ते नाकारलं. रॉकवेलने मधला मार्ग काढला. पोहणं उरकलंय, कपडे चढवणं अजून उरकलेलं नाही. अख्खं चित्र या दोन क्षणांच्या मधल्या फटीत बसवलंय.

आता मुख्य काम: गाळलेल्या गोष्टींची यादी

दुसरा कागद घ्या. वर लिहा: ‘चित्रात काय नाही?’ सुरुवातीला हात अडखळेल, कारण डोळ्याला असलेलं दिसायची सवय असते. माझी यादी अशी होते.

पाणी नाही. चित्राचं नाव पोहण्यावरून, पाटी पोहण्याची, केस ओले आणि तळं कुठेच नाही. ते आपण आणतो. कुणी नदीचा डोह आणतो, कुणी विहीर, कुणी गिरणीमागचं तळं. प्रत्येकाच्या डोक्यात आपापलं पाणी असतं, म्हणून प्रत्येकाला चित्र आपलं वाटतं. रॉकवेलने एखादं ठरावीक तळं रंगवलं असतं तर ते कुठल्यातरी एका गावचं झालं असतं.

पाठलाग करणारा नाही. पोलीस आहे, जमिनीचा मालक आहे, की शेतावरचा एखादा चिडका म्हातारा? माहीत नाही. तो रंगवला असता तर त्याला चेहरा द्यावा लागला असता. चेहरा आला की आपण त्याचीही बाजू विचारात घेतो: बिचाऱ्याने पाटी लावली होती, पोरं ऐकत नाहीत, कुणी बुडालं तर जबाबदारी याच्यावर. माणूस काढून टाकल्यावर उरतो फक्त मनाईहुकूम आणि लाकडी फळीची बाजू कुणी घेत नाही. खोडीला माफ करण्याची ही सगळ्यात सोपी युक्ती आहे, आणि ती नकळत आपल्यावर चालवली जाते.

पाटीचं कारण नाही. पोहायला मनाई कशासाठी? खासगी जागा म्हणून, पिण्याचं पाणी म्हणून, की खोल म्हणून? महाराष्ट्रातल्या वाचकाला पाटी बघून आधी बुडण्याची धास्ती आठवते. आपल्याकडे धरणांवर, धबधब्यांवर अशा पाट्या बहुधा अपघात झाल्यावर लागतात. चित्रातली पाटी ते सांगत नाही. इथे भीती आहे ती पकडलं जाण्याची, मरणाची नव्हे.

पार्श्वभूमी नाही. झाडं नाहीत, कुंपण नाही, दूरचं घर नाही. मागे जवळजवळ कोरी जागा. याचं कारण तांत्रिकही आहे, ते पुढे येईल.

नंतरचं काही नाही. आई, छडी, दुसऱ्या दिवशीची शाळा. पोरं सुटली की सापडली, हे कायमचं अधांतरी.

मुली नाहीत. ही ओळ यादीत उशिरा येते, आणि ती उशिरा येते हेच बोलकं आहे. रॉकवेलनेच मे १९५३ च्या एका मुखपृष्ठावर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली मुलगी रंगवली. डोळा काळानिळा, वेणी विस्कटलेली आणि चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू. ते चित्र आज हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आहे. म्हणजे मुलीची मस्ती त्याला सुचत नव्हती असं नाही. पण १९२१ च्या खोडीला मुलगाच लागायचा.

आणि गोऱ्यांशिवाय दुसरं कुणी नाही. याच्यावर वेगळं थांबायला हवं, म्हणून बाजूला ठेवतो.

चौकट, रंग आणि पळण्याची पोझ

आता चित्र कसं बनलंय ते बघू. तुम्ही चित्रकार नसलात तरी तीन गोष्टी सहज तपासता येतात.

एक म्हणजे चौकट. सगळ्यात पुढे पळणारा काठावर कापला गेलाय. तो जवळजवळ चित्रातून बाहेर पडलाय. कागदाचे दोन तुकडे घेऊन पडद्यावर चौकट थोडी मोठी झाल्यासारखी कल्पना करा, म्हणजे तिघंही पूर्ण मावतील आणि पुढे मोकळी जागा राहील अशी. वेग लगेच मरतो. पोरं मैदानात शर्यत पळतायत असं वाटायला लागतं. कापलेल्या आकृतीमुळे डोळ्याला वाटतं की आणखी अर्ध्या सेकंदात इथे कुणीच नसेल. फोटो काढताना घाईत माणूस कापला जातो तशी ही रचना आहे, पण ही घाई पुरती ठरवून केलेली.

दुसरी गोष्ट रंग. ‘पोस्ट’चं मुखपृष्ठ त्या काळी काळा आणि लाल अशा दोनच शाईंमध्ये छापलं जायचं. पूर्ण रंगीत मुखपृष्ठ यायला १९२६ चा फेब्रुवारी उजाडला, आणि तो मान रॉकवेलच्याच चित्राला मिळाला. त्यामुळे १९२१ मध्ये निळं पाणी आणि हिरवी झाडं दाखवायची सोयच नव्हती. लालसर, तपकिरी, काळा, पांढरा एवढ्यात भागवायचं. शिवाय साप्ताहिक पाच सेंटला पेपरच्या स्टॉलवर विकलं जायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला चार पावलांवरून विनोद कळला पाहिजे. कोऱ्या पार्श्वभूमीवर आकृत्यांची बाह्यरेषा ठसठशीत उठते ती यासाठी. पण ‘छपाईची अडचण होती’ म्हटलं की विषय संपतो असं समजू नका. याच अडचणीमुळे तळं नाहीसं झालं आणि तळं नाहीसं झाल्यामुळे चित्र सगळ्यांचं झालं. तंत्र आणि अर्थ असे एकात एक गुंतलेले सापडले की रसग्रहणात जीव येतो.

तिसरी गोष्ट पोझ, आणि ही मला सगळ्यात मजेशीर वाटते. रॉकवेल फोटोवरून काम करू लागला तो साधारण १९३० च्या दशकाच्या मध्यापासून. १९२१ मध्ये मुलांना स्टुडिओत प्रत्यक्ष उभं करावं लागे. तेव्हा तो न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल गावात राहायचा आणि तिथलीच पोरं धरून आणायचा. पळण्याच्या पोझमध्ये एक पाय हवेत; कुठला पोरगा तसा उभा राहील? म्हणून उचललेल्या पायाखाली आधार ठेवायचा. आणि चुळबूळ थांबावी म्हणून त्याने एक युक्ती काढली होती, ती त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. टेबलावर पाच सेंटच्या नाण्यांची चवड ठेवायची आणि दर पंचवीस मिनिटांनी त्यातली पाच नाणी उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मांडायची: ही तुझी चवड. पोराच्या डोळ्यांदेखत त्याची मजुरी वाढत जायची.

म्हणजे अमेरिकेच्या स्मरणात राहिलेली ही पळापळ बंद खोलीत, पायाखाली टेकू घेऊन, तासाच्या हिशोबाने पैसे मोजून उभी राहिलेली आहे. हे कळल्यावर चित्र फसवं वाटतं का? मला नाही वाटत. पण ‘रॉकवेलने टिपलेला क्षण’ असं लिहायला हात उचलत नाही. त्याने क्षण रचला, असं लिहा.

१९२१ हे वर्ष

चित्राच्या सालाकडे जाताना विकिपीडिया उघडून त्या वर्षीच्या सगळ्या घटना कागदावर ओतण्याचा मोह होतो. तो टाळा. एकच प्रश्न विचारा: तेव्हाच्या वाचकाला हे चित्र आवडायला काय कारणीभूत झालं असेल?

माझ्या दृष्टीने यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा १९२० च्या जनगणनेत आहे. त्या जनगणनेत पहिल्यांदाच अमेरिकेची निम्म्याहून अधिक लोकसंख्या, सुमारे ५१ टक्के, शहरी म्हणून मोजली गेली (अडीच हजार वस्तीचं गावही त्यांच्या हिशोबात शहरच होतं, हे ध्यानात असू द्या). ‘पोस्ट’चे लक्षावधी वाचक पगारदार, दुकानदार, मध्यमवर्गीय. त्यातल्या कितीतरी जणांचं बालपण खेड्यात गेलेलं आणि पोरं शहरात वाढत असलेली. गावाबाहेरच्या तळ्याचं चित्र नेमकं तेव्हा लाडकं होतं, जेव्हा तळं हाताशी राहिलेलं नसतं. विन्स्लो होमर या अमेरिकी चित्रकाराने १८७२ साली खेड्यातल्या एकखोली शाळेसमोर हात धरून खेळणारी अनवाणी मुलं रंगवली, तीही यादवी युद्ध संपल्यावर सात वर्षांनी, देश कारखान्यांकडे वळत असताना. दोन चित्रं शेजारी ठेवली की स्मरणरंजनाचं वेळापत्रक दिसतं.

खुद्द रॉकवेलचं बालपण तरी असं होतं का? नाही. १८९४ साली न्यूयॉर्क शहरात जन्म, लहानपण मॅनहॅटनच्या इमारतींमध्ये. अंगाने काडीपैलवान, चष्मा, चालताना पाय आत वळणारे. खेळात भाऊ पुढे, हा मागे. खेडं भेटायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत, कुटुंब शेतावर राहायला जायचं तेव्हा. एकोणिसाव्या वर्षी तो बॉय स्काउट चळवळीच्या ‘बॉइज लाइफ’ मासिकाचा कलासंपादक झाला; शिस्तीच्या गोष्टींना चित्रं काढता काढता पोरांची देहबोली हाताखालून गेली. आयुष्य जसं असावंसं वाटतं तसं मी रंगवतो, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं प्रसिद्ध आहे. तेव्हा ‘चित्रकाराच्या आठवणी’ असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा. ही त्याची इच्छा आहे.

एक बोचरी नोंद. १९१६ च्या मे महिन्यात ‘पोस्ट’वर आलेल्या त्याच्या पहिल्या मुखपृष्ठात तिन्ही मुलांसाठी एकच पोरगा उभा राहिला होता. तो रॉकवेलचा आवडता मॉडेल. पुढे तेराव्या वर्षाच्या आसपास मस्ती करता करता खिडकीतून पडून तो गेला. मुखपृष्ठावरच्या खोडीला परिणाम नसतो, असं मी वर यादीत लिहिलं. खऱ्या खोडीला असतो, हे चित्रकाराला चांगलं ठाऊक होतं.

कुणाची खोडी माफ होते?

बाजूला ठेवलेली ओळ आता घेऊ.

२७ जुलै १९१९. शिकागो, मिशिगन सरोवराचा काठ. युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर पाण्यात होता. तरंगत तरंगत तो गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या भागात गेला. तिथे पाटी नव्हती. नियम लोकांच्या डोक्यात होता. एका गोऱ्या माणसाने दगड मारले, युजीन बुडाला, पोलिसाने त्या माणसाला अटक करायला नकार दिला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली, त्यात २३ काळी.

दोन वर्षांनी ‘पोहायला मनाई’ हा विनोद झाला. रॉकवेलने शिकागो डोळ्यांसमोर ठेवून चित्र काढलं असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही तसं लिहू नका. त्याला आधार नाही. म्हणायचं आहे ते एवढंच की मनाईची पाटी बघून खुदकन हसू येण्यासाठी, पकडलं गेलो तर फार तर कान पिळला जाईल, अशी खात्री लागते. ती खात्री कुणाला होती, हा चित्राच्या अर्थाचा भाग आहे.

या मुद्द्याला ठोस आधारही आहे. ‘पोस्ट’मध्ये काळ्या माणसांना फक्त नोकरचाकर म्हणून दाखवायचं असा दंडक होता, आपल्याला एका चित्रातून काळ्या व्यक्तीला पुसायला लावलं होतं, हे रॉकवेलने पुढे सांगितलं. १९६३ मध्ये तो ‘पोस्ट’मधून बाहेर पडला आणि जानेवारी १९६४ मध्ये ‘लुक’ पाक्षिकात त्याचं ‘द प्रॉब्लेम वी ऑल लिव्ह विथ’ आलं. न्यू ऑर्लिन्समध्ये १९६० साली फक्त गोऱ्यांच्या शाळेत पाऊल ठेवणारी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. पुढे-मागे चार मार्शल (केंद्र सरकारचे पोलीस अधिकारी), चौघांचीही डोकी चौकटीबाहेर. मागे भिंतीवर शिवी खरडलेली, फेकलेल्या टोमॅटोचा लाल डाग.

हे चित्र ‘नो स्विमिंग’शेजारी ठेवा आणि पुन्हा गाळलेल्या गोष्टींची यादी करा. इथेही विरोध करणारा जमाव चित्रात नाही; त्याच्या जागी आपण उभे आहोत. इथेही आकृत्या चौकटीने कापल्यात. इथेही भिंतीवर शब्द आहेत. त्रेचाळीस वर्षांनी तीच हत्यारं हातात धरून रॉकवेलने अगदी वेगळं काम केलं. तिथे मुलं नियम मोडून पळत होती. ही मुलगी कायदा पाळत, सरळ बघत, चालतेय. माझ्या मते या जोडीवर लिहिलेलं एक पान हे एकट्या ‘नो स्विमिंग’वर लिहिलेल्या पाच पानांना भारी पडतं.

आपली विहीर वेगळ्या कागदावर

मराठी माणसाला हे चित्र बघून शेतातली विहीर, पोहायला शिकताना तरंगण्यासाठी कंबरेला बांधलेला सुकडीचा बिंडा, चड्डी झुडपावर वाळत घालून तोवर घरी न जाणं असलं काही हमखास आठवतं. आठवू द्या, पण ते वेगळ्या कागदावर लिहा. अर्थ लावताना दोन्ही कागद मिसळले की चित्र अमेरिकेतून उठून सांगोल्याला येतं आणि वर म्हटलेलं सगळं वाहून जातं. तुमच्या कागदाचा उपयोग एकच, पण मोठा: तुम्ही चित्रात काय भरलंत ते कळतं.

लिहायला बसल्यावर

क्रम उलटा ठेवा, असं सुचवेन. साल आणि चरित्राने सुरुवात केली की लेख माहितीपत्रक होतो. एखाद्या गाळलेल्या गोष्टीपासून सुरू करा: तळं नाही, किंवा पाठलाग करणारा नाही. मग ती का नाही, तिच्या नसण्याने काय साधलं आणि कुणाला ते साधून चालत होतं, अशा वाटेने जा. ‘चित्रकार की नुसता इलस्ट्रेटर’ या वादावर परिच्छेद खर्चू नका. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम या आधुनिक कलेच्या संग्रहालयात २००१ साली त्याचं मोठं प्रदर्शन लागल्यापासून त्या वादात फारसा दम उरलेला नाही.

सरावाला ‘द रनअवे’ घ्या, सप्टेंबर १९५८ चं मुखपृष्ठ. हॉटेलच्या काउंटरवर उंच स्टुलांवर पोलीस आणि घरातून पळालेला लहान मुलगा शेजारी शेजारी बसलेत, आपल्याला पाठमोरे. मुलाच्या स्टुलाखाली काठीला बांधलेलं लाल गाठोडं. ‘नो स्विमिंग’मध्ये न दिसलेला कायदा इथे गणवेश घालून, ओणवा होऊन पोराशी बोलतोय. यादी करताना विचारा: घर कुठे आहे? तो का पळाला?

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी शेवटचं: स्टॉकब्रिज बॉस्टनहून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. रॉकवेल १९५३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, त्या गावात होता. त्याचा स्टुडिओही संग्रहालयाच्या आवारात आणून ठेवलाय, पण तो थंडीत बंद असतो. संग्रहालयातली चित्रं अधूनमधून दुसरीकडच्या प्रदर्शनांना जातात, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून ‘नो स्विमिंग’ सध्या भिंतीवर आहे का ते विचारून घ्या.